छोट्या विमानांतील आग : कारणे आणि प्रतिबंध

विमानाच्या अपघाताची बातमी आली की तिच्यात दोन क्रियापदे बहुधा जोडीनेच येतात : विमान कोसळले आणि त्याने पेट घेतला. वर्षानुवर्षे ही जोडी कानांवर पडून आपली अशी समजूत झाली आहे की, विमान कोसळले म्हणजे ते पेटायचेच. तो त्याचा धर्मच होय. आजच्या विवेचनात आम्हांला ही समजूत तपासून पाहावयाची आहे. कोसळणे ही एक घटना आहे आणि पेटणे ही दुसरी. पहिलीची कारणे वारा, पाऊस, इंजिन, वैमानिकाचा निर्णय अशी अनेक असतात आणि त्यांतली काही माणसाच्या हाताबाहेरची असतात. दुसरीचे कारण बहुतेक वेळा एकच असते : इंधन आपली जागा सोडून बाहेर आले. ते जागच्या जागी राखणे पुष्कळ अंशी माणसाच्या हातात आहे, आणि म्हणूनच आगीला दैव म्हणून मोकळे होता येत नाही.

कामशेतसारख्या गावी हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या आसपासच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून आपल्या भोवतीच्या डोंगरांवरून, शिंदेवाडीच्या उतारांवरून, माणसे कापडी पंखांनी उडू लागली. त्या पंखांना इंजिन नाही, म्हणून तेल नाही, म्हणून आगीची भीतीही नाही. परंतु पाठीवर छोटे इंजिन आणि आठ-दहा लीटरची पेट्रोलची टाकी बांधून सपाटीवरून उडण्याचा प्रकारही आता ह्याच भागात शिकवला जातो. वैमानिक आणि टाकी ह्यांच्यात वीतभर अंतर असलेले हे जगातले सर्वांत लहान विमानच म्हणावयाचे. दुसरी गोष्ट द्रुतगती मार्गाची. इंधनाने आणि रसायनांनी भरलेले टँकर त्या मार्गाने रात्रंदिवस जात असतात. 13 जून 2023 रोजी लोणावळ्याजवळच्या पुलावर रसायनाचा एक टँकर उलटून पेटला आणि चार जणांचे प्राण गेले. पेटते द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले. ज्यांचा त्या टँकरशी काडीचाही संबंध नव्हता अशी, खालून जाणारी माणसे त्यात सापडली. गळती विमानातली असो वा टँकरमधली, तिचे शास्त्र एकच आहे. ते आधी समजून घेऊ.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळलेली असेल तरच. शंभर भाग मिश्रणात वाफेचे प्रमाण सुमारे दीड भागाहून कमी असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही. साडेसात भागांहून अधिक असेल तर वाफ इतकी दाट होते की जळायला हवा पुरत नाही. ह्या दोन मर्यादांच्या मधला पट्टा धोक्याचा. बंद टाकीच्या आतली वाफ पुष्कळदा अतिदाट असल्यामुळे पेट घेत नाही. तीच वाफ एखाद्या फटीतून बाहेर येऊन मोकळ्या हवेत विरळ होऊ लागली की नेमकी ह्या पट्ट्यात येते. म्हणजे टाकीतले शंभर लीटर पेट्रोल जेथे निवांत असते, तेथे बाहेर गळलेले वाटीभर पेट्रोल घातक ठरते.

हे वाटीभर म्हणजे किती, ह्याचा ढोबळ हिशेब करता येतो. एक लीटर पेट्रोलची वाफ झाली तर ती पावणेदोनशे लीटरच्या आसपास जागा व्यापते, आणि हवेत पसरून सुमारे बारा घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. बारा घनमीटर म्हणजे आपल्याकडची एक लहानशी खोली. वाटीभर, म्हणजे लीटरचा दहावा हिस्सा धरला, तरी छोट्या विमानाच्या इंजिनाची पेटी भरून उरेल एवढी वाफ झाली. शिवाय ही वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी सखल जागा शोधते. इंजिनाच्या आवरणाच्या तळाशी, बैठकीखालच्या पोकळीत, उतारावरच्या नाल्यात ती साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. वास येतो तो कोपरा एक आणि पेटते ते दुसरीकडेच, असे घडते ते ह्यामुळे.

येथे पेट्रोल आणि केरोसीन ह्यांतला भेदही ध्यानात घेतला पाहिजे. छोटी, पंख्याची आणि सिलिंडरांच्या इंजिनांची विमाने विशेष प्रतीच्या पेट्रोलवर चालतात. हे पेट्रोल आपल्या देशात पूर्वी बाहेरून आणावे लागे. 2022 सालापासून ते बडोद्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात होऊ लागले. जेटच्या जातीची इंजिने मात्र केरोसीनसारख्या इंधनावर चालतात. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडते; केरोसीनला त्यासाठी निदान अडतीस अंश तापावे लागते. म्हणून केरोसीन अधिक सुरक्षित. परंतु वैशाखातल्या दुपारी आपल्याकडील तापलेल्या डांबरावर अडतीस अंश म्हणजे काहीच नव्हे, आणि विमान वेगाने आदळल्यावर उडालेल्या तुषारांना तर तापण्याचीही गरज लागत नाही. तेव्हा ही सुरक्षितता सापेक्षच मानावी.

आता विमानातला इंधनाचा प्रवास पाहू. वैमानिक तयार करणाऱ्या अनेक संस्थांतून वापरले जाणारे सेसना 152 हे दोन आसनांचे विमान उदाहरणादाखल घ्या. त्याच्या दोन पंखांत मिळून सुमारे 98 लीटर पेट्रोल मावते. त्याचे वजन सत्तर किलो, म्हणजे आणखी एक माणूस बरोबर घेतल्यासारखेच. हे पेट्रोल स्वतःच्या भाराने पंखातून खाली उतरते, कॅबिनच्या तळाशी असलेल्या तोटीतून जाते, पुढे सर्वांत सखल जागी बसवलेल्या गाळणीच्या वाटीत थांबते आणि तेथून कार्ब्युरेटरमध्ये शिरते. वाटेत धातूच्या नळ्या आहेत, रबरी नळ्या आहेत आणि त्यांचे अनेक सांधे आहेत. आणि हा प्रवास संपतो तेथे, हात-दोन हातांच्या अंतरात, लालबुंद होणारी धूरनळी आहे, ठिणग्या निर्माण करणारे मॅग्नेटो आहेत आणि स्टार्टरच्या तारा आहेत. चुलीशेजारी घासलेटचा डबा ठेवू नये, हे आपल्या आजीला ठाऊक होते. विमान बांधणाऱ्याला मात्र तो डबा चुलीपाशीच आणावा लागतो. म्हणून तो इंजिन आणि माणसे ह्यांच्यामध्ये पोलादी पत्र्याची भिंत घालतो. सुमारे अकराशे अंशांची ज्वाळा पंधरा मिनिटे थोपवून धरण्याची तिची क्षमता असावी लागते. पंधरा मिनिटे म्हणजे जमिनीवर येऊन टेकण्यापुरती सवलत.

सांधे सुटतात कशामुळे? पहिले कारण थरथर. इंजिनाच्या मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरी प्रत्येक नटाला किंचित हलवून जाते. दुसरे कारण रबराचे वय. रबर उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. वर्षभर उभे राहिलेले विमान रोज उडणाऱ्या विमानाहून अनेकदा अधिक गळके निघते, कारण टाकी रिकामी राहिली की तिचे वॉशर सुकतात. तिसरे कारण जमिनीवर जोराने टेकणे. त्याने टाकीच्या शिवणी उलतात. चौथे कारण माणसाचा हात : दुरुस्तीनंतर अर्धवट आवळलेला नट, नीट न बसलेले टाकीचे झाकण, तळाच्या निचऱ्याच्या झडपेत अडकलेला वाळूचा कण. ह्यांतले एकही कारण आकाशातून अवचित येत नाही. प्रत्येक कारण आठवडेच्या आठवडे आपली खूण दाखवीत असते.

ती खूण कोणती? विमानाच्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग घातलेला असतो. थेंब गळून उडून गेला तरी त्याचा निळसर डाग मागे राहतो. पंखाखाली, तोटीभोवती, इंजिनाच्या आवरणाच्या कडेला असा डाग दिसला तर ती गळतीची सहीच होय. म्हणून शहाणा वैमानिक उड्डाणापूर्वी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालतो. तो डोळ्यांनी डाग शोधतो, नाकाने वास घेतो, बोटाने सांधा चाचपतो, आणि तळच्या झडपेतून काचेच्या भांड्यात थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी वा कचरा आहे काय ते पाहतो. ह्या सर्वाला दहा मिनिटे पुरतात. मात्र डाग दिसल्यावर ‘आल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्याला ती दहा मिनिटेही वाचवू शकत नाहीत.

आग लागण्याचे प्रसंग चार. पहिला इंधन भरतानाचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून निघून मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले. वाटेत अहमदाबादेस त्यांच्या इवल्याशा पस मॉथ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. ह्या प्रसंगाचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु डब्यातून टाकीत पेट्रोल ओतताना स्थिरविद्युत निर्माण होते. कोरड्या हवेत लोकरीचा सदरा काढताना चटचट आवाज येतो, ती हीच वीज. म्हणून आज भरण्यापूर्वी विमान, इंधनाची गाडी आणि जमीन तारेने जोडून घेण्याचा दंडक आहे. प्लास्टिकचे कॅन वीज वाहून नेत नाहीत. त्यांतून भरताना हा धोका वाढतो.

दुसरा प्रसंग इंजिन सुरू करतानाचा. थंड इंजिन घेत नाही म्हणून वैमानिक त्यात जास्त पेट्रोल सोडतो. ते कार्ब्युरेटरमधून खाली ठिबकते आणि इंजिनाने उलटा फुत्कार टाकला की पेटते. अशा वेळी घाबरून थांबण्यापेक्षा स्टार्टर फिरवीत राहावे, म्हणजे ज्वाळा इंजिनाच्या पोटात ओढली जाते, असा उत्पादकांचा सल्ला असतो. त्यानंतर इंधन तोडावे, विजेचे बटण बंद करावे आणि खाली उतरावे.

तिसरा प्रसंग उडतानाचा, आणि तो सर्वांत भयंकर. येथे एक तत्त्व पाठ असावे लागते : आकाशात वैमानिकाला आग विझवता येत नाही, तिचा शिधा तोडता येतो. म्हणून इंधनाची तोटी बंद, वीज बंद, इंजिनाकडून कॅबिनमध्ये गरम हवा आणणारी वाट बंद, आणि मग वेग वाढवून विमान खाली आणावयाचे. चालते इंजिन आपल्या हाताने बंद करणे मनाला पटत नाही. परंतु इंजिन बंद पडलेले विमान दगडासारखे पडत नाही. एक किलोमीटर उंचीवरून असे छोटे विमान आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. इंजिनावाचून उडणारी माणसे रोज पाहणाऱ्या कामशेतकरांना हे वेगळे सांगावयास नको.

चौथा प्रसंग जमिनीवर आदळल्यानंतरचा. बातमीतली ती दोन क्रियापदे येथे एकत्र येतात. महाराष्ट्रातील दोन घटना शेजारी ठेवून पाहू. 28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-90 जातीचे जुने विमान परतताना मुंबईच्या घाटकोपर ह्या दाट वस्तीत, बांधकाम चाललेल्या एका इमारतीजवळ कोसळले आणि पेटले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण गेले. ह्या अपघाताचे मूळ गळतीत नव्हते. हवेचा आधार सुटून विमान पडले, असे चौकशीत दिसून आले. परंतु आगीने विमानातल्या माणसांबरोबर रस्त्यावरच्या माणसालाही गाठले. दुसरी घटना 14 सप्टेंबर 2023 ची. विशाखापट्टणहून आलेले लिअरजेट 45 जातीचे खासगी विमान मुसळधार पावसात मुंबईच्या विमानतळावर उतरताना धावपट्टीबाहेर गेले आणि त्याचे दोन तुकडे झाले. त्यालाही आग लागली, पण अग्निशामक दल जवळच होते. आग विझवली गेली आणि आतील आठही जण वाचले.

दोन्ही घटना सारख्या नाहीत. एकीत विमान आकाशातून पडले, दुसरीत ते जमिनीवर घसरले. तेव्हा त्यांची तुलना जपूनच केली पाहिजे. तरीही एक गोष्ट उघड आहे. आदळण्यातून माणूस वाचल्यावर त्याचे आयुष्य किती, हे आग आणि मदत ह्यांच्या शर्यतीवर ठरते. मोठ्या विमानतळावर अग्निशामक गाडी तीन मिनिटांच्या आत पोचावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. डोंगरात, शेतात किंवा आडबाजूच्या छोट्या धावपट्टीवर ही तीन मिनिटे कोण देणार? तेथे आग लागूच नये अशी बांधणी हाच उपाय उरतो.

अशी बांधणी शक्य आहे काय? आहे, आणि ती करूनही दाखविली गेली आहे. पहिल्या महायुद्धातील डी हॅविलँड 4 ह्या विमानात पेट्रोलची टाकी वैमानिक आणि निरीक्षक ह्या दोघांच्या मधोमध होती. पुढच्या नमुन्यात ती तेथून हलविली आणि दोघांना जवळजवळ बसविले. टाकीची जागा ही जिवाची बाब आहे, हे तेव्हापासूनचे ज्ञान होय. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची हेलिकॉप्टरे आदळल्यावर पेटत, आणि मोडतोडीतून वाचलेले सैनिक जळून मरत. 1970 च्या सुमारास त्यांत नवी व्यवस्था बसविण्यात आली : फाटणार नाही अशा चिवट पिशवीची टाकी, ताण पडला तरी न तुटणाऱ्या मुद्दाम लांब ठेवलेल्या लवचीक नळ्या, आणि तुटल्याच तर दोन्ही तोंडे आपोआप मिटविणाऱ्या झडपा. ज्या अपघातांतून जगणे शक्य होते, त्यांतले आगीने होणारे मृत्यू त्यानंतर जवळजवळ थांबले. हेलिकॉप्टर तेच, युद्ध तेच, आदळणेही तेच. बदलली ती फक्त टाकी.

हे ज्ञान नागरी जगात पोचायला मात्र फार वेळ लागला. रॉबिन्सन आर 44 ह्या लोकप्रिय छोट्या हेलिकॉप्टरच्या धातूच्या टाक्या फुटून अनेक जण भाजून मेले. उत्पादकाने 2010 साली टाक्या बदलण्याची सूचना काढली आणि ऑस्ट्रेलियाने 2013 साली तो बदल सक्तीचा केला. अमेरिकेने 2018 साली कायदा करून 2020 पासूनच्या नव्या हेलिकॉप्टरांना अशी टाकी आवश्यक ठरविली. छोट्या विमानांसाठी तसाच प्रस्ताव तेथे 1990 साली मांडला गेला होता. खर्चाच्या मानाने लाभ थोडा, असे म्हणून तो 1999 साली मागे घेण्यात आला. वाचणाऱ्या जिवांची बेरीज करून तिच्यातून टाकीची किंमत वजा करण्याचा हा हिशेब आम्हांला पटत नाही. अर्थात हेही खरे की नियम आज झाला तरी चाळीस-पन्नास वर्षांची जुनी विमाने उडतच राहतील. त्यांच्या बाबतीत मेकॅनिकची नजर हीच चिवट टाकी.

आपल्याकडे एक नवीच बाब उपस्थित झाली आहे. रस्त्यावरच्या पंपांतून मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. त्यात आपल्या उसाच्या कारखान्यांचाही वाटा आहे आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु इथेनॉल काही जातींचे रबर मऊ करते, फुगवते आणि हवेतील ओलावा ओढून घेते. हलक्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स 912 ह्या ऑस्ट्रियन इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण मान्य आहे, आणि त्याच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलाव्यात असा उत्पादकाचा दंडक आहे. पाठीवरच्या इंजिनात पंपावरचे पेट्रोल भरणाऱ्याने आपल्या इंजिनाचे पुस्तक काढून ही मर्यादा पाहावी, आणि ठरलेल्या मुदतीआधीच नळी बदलावी. शंभर-दोनशे रुपयांची नळी आणि पाठीला लागून असलेली टाकी, ह्यांत काटकसर कोठे करावी हे सांगावयास नको. त्या पेट्रोलला निळा रंग नसतो. तेथे तेलकट डागावर चिकटलेली धूळ हीच खूण समजावी.

उरला प्रश्न आपल्यासारख्या न उडणाऱ्यांचा. विमान शेतात उतरले वा टँकर घाटात उलटला, तर आपण काय करावे? वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढाच्या बाजूला उभे राहावे, कारण द्रव आणि वाफ दोन्ही उताराकडेच जातात. विडी-सिगरेट तर नकोच, पण जवळच्या मोटारींची इंजिनेही बंद करावीत. सांडलेले इंधन डबे घेऊन भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्या मोहापायी जगभर शेकडो लोक जळाले आहेत. पेटलेल्या पेट्रोलवर पाण्याच्या बादल्या ओतू नयेत, पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरविते. वाळू, माती किंवा अग्निशामक भुकटी वापरावी. आणि सर्वांत आधी 112 ह्या क्रमांकावर कळवावे.

आगीची सुरुवात बहुधा एखाद्या सैल नटापाशी किंवा म्हाताऱ्या नळीपाशी होते, आणि तेथे ती पुष्कळ दिवस थेंबाच्या रूपाने राहते. त्या काळात तिला थांबविण्यासाठी चिंधी, पाना आणि थोडा धीर एवढे पुरते. ज्वाळा झाल्यावर अग्निशामक दलही अपुरे पडते. विमान कधी पडेल हे सांगणे कोणाच्या हाती नसेल. पण त्याने पेट घ्यावा की नाही, हे टाकी घडविणारा, नट आवळणारा आणि उड्डाणापूर्वी वाकून पाहणारा अशी तीन माणसे बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवतात.